पोशाची ओ

समुद्रावर वाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाचंच राज्य नव्हतं, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. मालाने भरलेलं एक गलबत दूरच्या बेटाकडे निघालं होतं. चाळीस दिवसांची वाट. वर आभाळ, खाली पाणी आणि मध्ये अकरा माणसं.

रोजचा दिवस सारखाच. सकाळी तळात झिरपलेलं पाणी उपसायचं, दुपारी शिडाच्या सावलीत बसून फाटलेलं शिवायचं. गोडं पाणी माणशी तीन करवंट्या, त्याहून थेंबभर जास्त नाही. सूर्य बुडाला की म्हातारा तांडेल, म्हणजे गलबताचा प्रमुख, एकेकाला नावाने हाक मारी. ज्याचं नाव, त्याने "आहे!" म्हणून ओ द्यायची. दहाही जणांची ओ आली की मगच भाताचं भांडं चुलीवरून उतरे.

या खलाशांत नागो आणि पोशा हे सख्खे भाऊ होते. दोघंही मिशीवाले, लेकुरवाळे. आणि भांडले कशावरून? तर भाताच्या खरवडीवरून! भांड्याच्या तळाची ती खमंग खरवड दोघांचाही जीव की प्राण. एकदा नागोने ती एकट्याने फस्त केली आणि वर दात काढले. पोशाने अबोला धरला. बिछाना उचलून तो नाळेवर, गलबताच्या अगदी पुढच्या टोकाला, राहायला गेला.

संध्याकाळी तांडेलाने हाक मारली, "पोशा!"

ओ नाही.

"आहे, आहे," नागोच म्हणाला. "तिकडं नाळेवर फुगून बसलाय."

सगळे खो खो हसले. पोशाचं ताट डोलकाठीशी झाकून ठेवलं. सगळे पांगल्यावर तो गुपचूप येऊन जेवला.

नऊ दिवस हेच चाललं. पोशा तोंड उघडेना, नागो त्याची ओ देई आणि बाकीचे हसत. पुढे पुढे तर नाळेकडे कुणी मान वळवूनही बघेना.

दहाव्या दिवशी दुपार कलताना वारा पिसाळला. सगळे शीड उतरवायला धावले. पोशा नाळेवर एकटाच अडकलेला दोर सोडवत होता. एक मोठी लाट गलबतावरून गेली आणि जाताना त्याला घेऊन गेली. कुणीही पाहिलं नाही.

वारा निवला. सूर्य बुडाला.

"पोशा!"

"आहे, आहे. फुगलाय अजून!" नागो म्हणाला, आणि सगळे हसले.

त्या दिवशी नागोला अबोल्याचा कंटाळा आला होता. त्याने सगळी खरवड खरवडून काढली, एक तुकडाही तोंडात न टाकता भावाच्या ताटात ठेवली. सकाळी बोलेल गडी, असं त्याला वाटलं.

सकाळी ताट झाकलेलं तसंच होतं.

नागो नाळेवर धावला. भिजलेला बिछाना होता, पोशा नव्हता. तांडेलाने गलबत फिरवलं. दोन दिवस वाऱ्याशी झुंजत सगळ्यांनी पाणी न् पाणी शोधलं, घसे सुकेपर्यंत हाका मारल्या. पोशा सापडला नाही.

"त्या संध्याकाळीच मी बघितलं असतं तर..." नागो हुंदके देत म्हणाला. "थोडा उजेड होता अजून, तांडेलमामा. तेव्हा सापडला असता हो तो."

म्हाताऱ्याचेही डोळे वाहत होते. "चूक माझीपण आहे, पोरा. हाक त्याला मारली आणि उत्तर तुझं घेतलं."

त्यानंतर त्या गलबतावर कुणी कुणाची ओ दिली नाही. भांडणं होतच, माणसंच ती. पण ओ आली नाही की तांडेल स्वतः उठून बघून येई. परतीच्या वाटेवर तो रोज पोशाचंही नाव घेई. नागो खाली मान घालून ऐके. मगच भात उतरे. खरवडीला मात्र कुणी हात लावला नाही.

म्हणून सांगतो, लहानथोरांनो: रुसलात तरी हाकेला ओ द्या, आणि ज्याची ओ आली नाही त्याच्याकडे उठून बघा.