एकही तक्रार नाही

दूरसंचार नियामकांची जनसुनावणी नंदुरबारला भरली होती. मोबाइल कंपनीचे अधिकारी ऐटीत म्हणाले, "सावरपाड्यावर आमची सेवा उत्तम आहे. वर्षभरात तिथून एकही तक्रार आलेली नाही."

त्याच पाड्यावरच्या आशा कार्यकर्त्या जमुनाताई वळवी उठल्या. गेल्या महिन्यात एका अडलेल्या बाईसाठी रुग्णवाहिका बोलवायला त्यांचा फोन लागलाच नव्हता. तिला झोळीत घालून डोंगरावरून खाली आणावं लागलं होतं.

"साहेब, तक्रार कुठं करायची असते?"

"सोपं आहे. आमच्या नंबरवर फोन करायचा."

"मग आमची पहिली तक्रार तुमच्यापर्यंत पोचेल, त्या दिवशी समजा, सेवा सुरू झाली."

नियामकांच्या अध्यक्षांनी कंपनीचा अहवाल बाजूला ठेवला आणि तपासणीसाठी आपली माणसं पाड्यावर धाडली.