नातीचं नाव आणि बिळाचं दार

फार पूर्वी माळावरच्या एका मोठ्या बिळात उंदीर राहत. दाराकडे पाठ करून, काटे उभारून एक साळिंदर पहाऱ्याला बसे आणि परवलीचा शब्द ऐकला की बाजूला सरे. तो शब्द ओढ्यातला खेकडा बनवी. "दे" म्हटलं की अक्षरं कोरलेले खडे तो न बघता ढवळी आणि नांगीत येतील तसे मांडी.

एकदा शब्द निघाला, "ठिझूपळखोमु."

"याला काही अर्थ आहे का? म्हाताऱ्यांनी हा लक्षात कसा ठेवायचा?" उंदरांचा म्होरक्या वैतागला. त्याने परस्पर शब्द बदलला आणि आपल्या लाडक्या नातीचं नाव ठेवलं, शेवंती.

पुढच्याच आठवड्यात मांजर दाराशी येऊन हळूच "शेवंती" म्हणाली. साळिंदर सरलं. बिळातली निम्मी पिल्लं गेली.

म्होरक्या तडक ओढ्यावर गेला. "काय उपयोग तुझ्या खड्यांचा?"

खेकडा भडकला. "माझ्यावर ओरडतोस? मी दिलेला शब्द कुणी टाकला? नातीच्या बारशाला अख्ख्या माळावर घुगऱ्या वाटल्यास, मांजरीच्या दारातसुद्धा नाव सांगून ठेवून आलास आणि तेच नाव पहाऱ्याला दिलंस? लाज नाही वाटली?"

म्होरक्याची मान खाली गेली. "नवा शब्द दे."

खेकड्याने रागारागाने खडे मांडले. म्होरक्या ते वाचताना दोनदा अडखळला. "अरे, असला शब्द कुणाला सुचेल तरी का?"

"नाही," खेकडा म्हणाला. "मांजरीलाही नाही."