शेवटी पाणी पिणारा

मुलांनो, एका माळरानावर प्राण्यांचे महाविद्यालय होते आणि तिथला शर्यतीचा संघ एक म्हातारा रोही, म्हणजे नर नीलगाय, तयार करत असे. सगळे त्यांना रोहीसर म्हणत. सरांचे गुडघे दुखायचे, पण त्याहून जास्त दुखायचा घसा, कारण दरवर्षी नव्या मुलांना तेच ते सांगावे लागे. संघात आलेल्या प्रत्येकाने एका सपाट खडकावर पुढचा पाय ठेवून तीन गोष्टी कबूल करायच्या. जिंकलो तरी शेवटचा धावणारा येईपर्यंत रेषेवर थांबेन. मागे राहिलेल्याला हसणार नाही. आणि जिंकलो तर पाणी सर्वांच्या शेवटी पिईन, तेही काठावरून, पाय न बुडवता. मुले पाय ठेवत, हो म्हणत आणि विसरून जात. मीही वर्गात रोज असेच काहीबाही सांगत असतो, त्यामुळे रोहीसरांचा थकवा मला चांगलाच ठाऊक आहे.

त्या वर्षी संघात एक काळवीट आला. इतका वेगवान धावपटू माळरानाने पाहिला नव्हता आणि हे त्यालाही कोणीतरी सांगून ठेवले होते. सरावात ससा मागे पडला की तो त्याची नक्कल करी. डबक्यात सगळ्यांच्या आधी घुसे. सरांनी दोनदा समजावले. तिसऱ्यांदा ते प्राचार्यांकडे, म्हणजे मोराकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, या शर्यतीत त्याला बाहेर बसवू या. एकदा बाहेर बसला की कळेल." मोराने पिसारा सावरला. "सर, चार वर्षांनी जिंकायची संधी आलीय. आधी जिंकून येऊ द्या, मग बोलू त्याच्याशी." हे 'मग' सरांनी याआधी तीन प्राचार्यांकडून ऐकले होते. भांडायला हवे होते, पण त्यांच्यात भांडायचे बळ उरले नव्हते. ते मान हलवून परत आले.

शर्यत डोंगरापलीकडच्या तळ्याकाठी व्हायची. हे तळे सांबरांच्या कळपाचे. माळरानावरचे पाणी चैत्रातच आटे आणि वैशाखात सगळे माळरान त्या तळ्यावर जाई. तळ्यावर माळरानाचा हक्क वगैरे काही नव्हता. वर्षातून एकदा येणारे हे पाहुणे नीट वागतात, एवढ्या ओळखीवर सांबरे त्यांना येऊ देत. सरांनी हेही काळविटाला सांगितले होते. त्याने कान हलवले होते.

काळवीट जिंकला, आणि तेही असा की दुसरा आला तेव्हा याचा दम खाऊन झाला होता. यजमान सांबरांच्या संघातले साळिंदर मात्र अजून अर्ध्या वाटेत खुरडत येत होते. "हे आज पोचणार की उद्या?" असे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणून काळवीट हसला आणि सरळ तळ्यात शिरला. पोटापर्यंत पाण्यात जाऊन त्याने चार उड्या मारल्या. तळाचा गाळ वर आला. पाणी प्यायला आलेली सांबरांची पाडसे गढूळ पाणी पाहून मागे सरली. साळिंदर पोचले तेव्हा रेषेवर रोहीसरांखेरीज कोणीच नव्हते.

कळपाच्या म्हाताऱ्या सांबरिणीने ठरल्याप्रमाणे काळविटाच्या गळ्यात पळसाच्या फुलांची माळ घातली. मग ती मोराला म्हणाली, "शर्यत तुम्ही जिंकलात. पण उद्यापासून पाण्याला इकडे येऊ नका. तुमचा सगळ्यांत गुणी मुलगा असा, तर बाकीच्यांवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?" मोर काही बोलणार होता. रोहीसर हळूच म्हणाले, "राहू द्या साहेब. त्यांचं बरोबर आहे."

वैशाखात पाणी उरले ते तीन कोसांवरच्या नदीला. पहिल्याच दिवशी काळवीट सगळ्यांच्या पुढे नदीवर पोचला, पोटभर पाणी प्याला आणि त्याने मागे वळून पाहिले, तर वाट रिकामी. बऱ्याच वेळाने ससा धापा टाकत आला. मोर आला, त्याचा पिसारा धुळीने माखला होता. सर आलेच नाहीत. काळविटाने सरांसाठी तोंडात पाणी भरले आणि तो आल्या वाटेने धावत सुटला. पाव वाटेतच तोंड रिकामे झाले. तो परत आला, पुन्हा भरले, पुन्हा तेच. इतका वेग असून घोटभर पाणी पोचवता येत नाही, हे त्याला त्या दिवशी कळले.

शेवटी तो रिकाम्या तोंडानेच निघाला. सर अर्ध्या वाटेवर एका बाभळीखाली बसले होते.

"सर, चला ना," तो म्हणाला.

"तू हो पुढे. मला वेळ लागेल."

"सर, माझं चुकलं."

"हो," सर म्हणाले, "आणि माझंही. मी तेव्हाच तुला बाहेर बसवायला हवं होतं." त्यांना रागवायचाही कंटाळा आला होता.

मग काळवीट त्यांच्या बाजूने चालू लागला. सर थांबले की तो थांबे. इतके सावकाश तो जन्मात चालला नव्हता. नदीवर पोचायला ऊन उतरले. सर पाणी प्याले, मागून आलेल्या दोन म्हाताऱ्या घोरपडी प्याल्या, आणि कोणीच उरले नाही तेव्हा काळविटाने पुढचे पाय कोरडे ठेवून काठावरूनच तोंड पाण्याला लावले. कोणी सांगितले नव्हते. सरांनी ते पाहिले. शाबास म्हणावे असे त्यांच्या मनात आले, पण घसा बसला होता.

तळ्याचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्या वर्षी तळ्याची वाट उघडली नाही. पुढच्या वर्षी उघडेल की नाही, ते मलाही ठाऊक नाही.

तात्पर्य : जो सर्वांच्या नावाने धावतो, त्याचा विजय त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडतो, पण त्याचे वागणे सर्वांना भोगावे लागते, म्हणून त्याला वेळीच थांबवणे हे जिंकण्याच्या आधीचे काम आहे.