खंड्याचं चित्र आणि कापलेली पट्टी

एका गावात एक चित्रकार मुलगी राहत होती. गोष्टीतल्या चित्रकारांकडे कुंचला असतो, हिच्याकडे टॅब होता. तेवढा फरक सोडला तर गोष्ट जुनीच आहे.

हात बसावा म्हणून तिने पण केला होता: शंभर दिवस, रोज एका फोटोवरून एक चित्र. चित्र झालं की ती ते ऑनलाइन टाकायची आणि खाली लिहायची, ‘सराव आहे. मूळ फोटो अमक्याचा.’ चाळीस दिवस हा नेम चुकला नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी कुणीतरी निरोपात पाठवलेला एका खंड्याचा फोटो तिला मिळाला. पक्षी चोचीत मासा धरून पाण्यातून उसळतोय, आणि बघणाऱ्याचा डोळा अगदी पाण्याला टेकलेला. चौकट नीट बसेना म्हणून तिने फोटोची खालची पट्टी कापून टाकली. त्या पट्टीवरच बारीक अक्षरांत फोटो काढणाऱ्याचं नाव होतं. चित्र पुरं झालं तेव्हा ते काही आठवेना. ‘उद्या शोधून लिहू,’ म्हणत तिने चित्र तसंच टाकलं. असलं काम कधी उद्या होतं का?

चित्र बघता बघता हजारो लोकांपर्यंत पोचलं. “काय नजर आहे पोरीची!” जो तो म्हणू लागला. शहरातल्या एका नामांकित चित्रकाराचा निरोप आला, “मी वर्षाला एकच शिष्य घेतो. पाण्याला डोळा लावून पाहणारी तू, यंदा तूच ये.”

मुलगी हरखली. लहानपणापासून तिला हेच हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिने खंड्या कधी पाहिलाच नव्हता. तिच्या गावात पाणी म्हणाल तर एक विहीर.

दोन दिवसांनी त्या चित्राखाली खाडीवरच्या एका नावाड्याने लिहिलं, “ताई, हा फोटो माझा आहे. होडीत पालथा पडून अकरा सकाळी वाट बघितली, तेव्हा मिळाला.” शेजारी त्याने फोटोही लावला. गोष्टीतल्या माणसांना नावं नसतात, पण याचं सांगायलाच हवं. तो हिराजी तांडेल.

लोक त्याच्यावर तुटून पडले. “चोराच्या उलट्या बोंबा! पोरीचं चित्र एआय मशीनला दाखवून फोटो करून घेतलास!” संध्याकाळपर्यंत बिचाऱ्याने आपले सगळेच फोटो काढून टाकले.

मुलगी खरं काय ते लिहायला बसली. मैत्रीण म्हणाली, “तू गप्प बस. गुरुजींकडे जायचंय ना? हात तर तुझाच आहे.”

“हात माझा, डोळा त्यांचा. आणि वाहवा डोळ्याची चाललीय.”

“आत्ता बोललीस तर तुलाच चोर म्हणतील गं.”

“म्हणू देत. आज त्यांना म्हणताहेत, तेसुद्धा माझ्यामुळे.”

तिने फोटो आलेला तो निरोप शोधून अख्खा फोटो काढला, चित्राच्या शेजारी लावला आणि सगळ्यात वर लिहिलं, ‘हा फोटो हिराजी तांडेल यांचा. त्यांचं नाव मी कापलं. चोरी त्यांनी केलेली नाही.’ एवढ्यावर ती थांबली नाही. ज्यांनी ज्यांनी हिराजीला चोर म्हटलं होतं, त्या तीनशे जणांना तिने एकेक करून तेच कळवलं. बोटं दुखली, शिव्या खाल्ल्या, पण एकही सोडला नाही.

मग गुरुजींना लिहिलं, “जी नजर पाहून आपण बोलावलंत, ती माझी नाही.”

उत्तर आलं, “मग यंदाची जागाही तुझी नाही.”

मुलगी पोटभर रडली. आणि दुसऱ्या दिवशी चव्वेचाळिसावं चित्र काढायला बसली. त्या दिवसापासून ती कोऱ्या पानावर आधी फोटोवाल्याचं नाव लिहायची, रेघ त्यानंतर.

आठवड्याने हिराजीचा निरोप आला. “फोटो परत लावलेत, ताई. ज्यांनी शिव्या दिल्या त्यातल्या कितीकांनी माफी मागितली. आता तुम्हाला हवा तो फोटो घ्या, विचारूही नका.”

“विचारणार, दादा. आणि नावही लिहिणार.”

“मग एक करा. खंड्या बघायलाच या. पण पालथं पडावं लागेल हां!”

ती गेली. सात सकाळी पालथी पडून राहिली. कपडे भिजले, मान आखडली, पण उठली नाही. आठव्या सकाळी खंड्या आला आणि तिने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

मग काढलेल्या चित्राला कुणाचाच फोटो लागला नव्हता. तरी कोऱ्या पानावर पहिली ओळ तिने लिहिली: ‘होडी आणि जागा, हिराजी तांडेल यांची.’

तात्पर्य: दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलंत तर त्याचं नाव आधी सांगा. ‘उद्या लिहू’ म्हणाल, तर चोरीचा आळ मालकावरच येईल.