टिकली मुंगी आणि बसलेलं चाक

बसा बरं मांडीवर नीट. चुळबुळ नको. आज मुंगीची गोष्ट. मुंगी एवढीशी, पण गोष्ट लांबलचक.

मुंगीचं नाव टिकली. टिकली मूळची मिरजेची. एका पाडव्याला ती साखरेच्या गाठींच्या डब्यात शिरली. गाठ चाटली. अजून चाटली. चाटता चाटता झोपली. जागी झाली तर कुठे? थेट कॅनडात. बाहेर बर्फच बर्फ. चुकलंच तिचं. पण साखर दिसली की मुंगीला पुढचं काही दिसत नाही.

डबा ज्या घरी आला, ते घर चांगलं होतं हो. रेवा होती. रेवाचे आईबाबा होते. रेवा तिला रोज साखरेचा एक दाणा द्यायची. पण टिकलीला मिरज फार आठवायची. मिरजेला रांग असायची. पुढे मुंगी, मागे मुंगी. इथे मागे वळून बघावं, तर कुणीच नाही. मग टिकलीला रडू यायचं. मुंगीचं रडू ते केवढं? पण यायचं.

आणि काल काय झालं? मिरजेहून कुमुदआत्याचा फोन आला. कुमुदआत्या म्हणजे रेवाच्या बाबांची आत्या. आत्या म्हणाली, "निघाले रे मी. पाडव्याच्या गाठी घेतल्यात, गुढीला हिरवी जरीची साडी घेतलीय. डब्यात एक मुंगी शिरलीय. झटकवत नाही मला. येऊ दे तीपण."

टिकलीने ऐकलं. टिकली उभीच राहिली. ती मुंगी म्हणजे ठमी. टिकलीची धाकटी बहीण. ठमी म्हणायचीच, "ताई, एकदा मी तुझ्या मागे मागे येणार."

आज आत्याला आणायला विमानतळावर जायचं. बाबा खुशीत. दारावर तोरण लावायला घेतलं. तिथे आंब्याची पानं कुठली? हिरव्या कागदाची पानं केली. खिळे ठोकले. ठक ठक ठक. एक खिळा पडला. टिंग. बाबा म्हणाले, "मग उचलू."

मग कसले उचलतात. गाडी मागे घेतली आणि,

फुस्सऽऽऽ.

चाक बसलं. खिळा टोचला आणि कुठे उडाला, कोण जाणे. बाबांनी डिकी उघडली. स्टेपनी नाही. "गाडी देतात आणि स्टेपनी देत नाहीत," बाबा म्हणाले. डोक्याला हात लावून बसले.

टिकली घाबरली. आत्या थंडीत उभी राहणार. डबा बाकावर ठेवणार. कुणीतरी म्हणणार, "अय्या, मुंगी." आणि झटकून टाकणार. मग ठमी एकटी. एवढ्या बर्फात एकटी.

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली गाडीकडे.

"गाडीताई गाडीताई, चाल ना.
ठमी माझी येईना."

गाडी म्हणाली, "मी नाही चालत. चाक फुगलं तर चालीन."

टिकली गेली चाकाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"चाकदादा चाकदादा, फुग ना.
गाडी चालेना,
ठमी माझी येईना."

चाक म्हणालं, "मी नाही फुगत. पोटाला भोक पडलंय. भोक बुजलं तर फुगीन."

तेवढ्यात बाबांनी चाक काढलं. कोपऱ्यावर गॅरेज. गॅरेज ब्रूसकाकांचं. चाक निघालं गडगड गडगड. टिकली मागे मागे, तुरुतुरु तुरुतुरु.

ब्रूसकाकांनी वही उघडली. म्हणाले, "आज वेळ नाही. गुरुवारी या."

"अहो, गुरुवारी काय," बाबा म्हणाले. "माझी आत्या आज येतेय. सत्तर वर्षांची आहे."

ब्रूसकाकांनाही एक आत्या होती. त्यांनी चाक घेतलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. काही दिसेना. काका खुर्चीत बसले. टिकली त्यांच्या बुटावर चढली.

"ब्रूसकाका ब्रूसकाका, भोक बुजवा ना.
चाक फुगेना,
गाडी चालेना,
ठमी माझी येईना."

काका म्हणाले, "मी नाही बुजवत. भोक दिसलं तर बुजवीन."

टिकली म्हणाली, "काका, आमच्या मिरजेला रशीदचाचांचं पंक्चरचं दुकान आहे. कडुलिंबाखाली. तिथे असतं मोठं घमेलं. घमेल्यात पाणी. पाण्यात चाक बुडवायचं, हळूहळू फिरवायचं. बुडबुड बुडबुड आलं, की तिथेच भोक. मी रोज बघायची."

"असं होय," काका म्हणाले. "मग पाणी आण."

आता मुंगी किती पाणी आणणार? ती गेली गॅरेजच्या अंगणातल्या नळाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"नळभाऊ नळभाऊ, वाहा ना.
काका बुजवेनात,
चाक फुगेना,
गाडी चालेना,
ठमी माझी येईना."

नळ म्हणाला, "मी नाही वाहत. पोटात बर्फ झालाय. ऊन पडलं तर वाहीन."

टिकली चढली कुंपणावर. तुरुतुरु तुरुतुरु.

"ऊनमावशी ऊनमावशी, पड ना.
नळ वाहेना,
काका बुजवेनात,
चाक फुगेना,
गाडी चालेना,
ठमी माझी येईना."

ऊन म्हणालं, "मी नाही पडत. समोर हा ढग बसलाय ढिम्म. ढग हलला तर पडीन."

टिकली चढली छपरावर. पाय गारठले. सहाच्या सहा गारठले. तरी तुरुतुरु तुरुतुरु.

"ढगोबा ढगोबा, हल ना.
ऊन पडेना,
नळ वाहेना,
काका बुजवेनात,
चाक फुगेना,
गाडी चालेना,
ठमी माझी येईना."

ढग म्हणाला, "मी नाही हलत. मला काय पाय आहेत? वारा सुटला तर हलीन."

वारा कुठे होता? वारा होता पाइनच्या झाडात. चक्क घोरत होता. घुर्रर्र घुर्रर्र. टिकली चढली झाडावर. खूप चढली. दमली, बसली, परत चढली.

"वारेबुवा वारेबुवा, सुटा ना.
ढग हलेना,
ऊन पडेना,
नळ वाहेना,
काका बुजवेनात,
चाक फुगेना,
गाडी चालेना,
ठमी माझी येईना."

वाऱ्याने एक डोळा उघडला.

"मी नाही सुटत," वारा म्हणाला. "सुटून करू काय? मी आलो की सगळे खिडक्या लावतात. दारं लावतात. टोप्या ओढतात. ये म्हणून कुणी म्हणत नाही."

टिकली त्याच्या जवळ सरकली. एकटं एकटं वाटतं म्हणजे काय, ते तिला माहीत होतं.

मग ती म्हणाली, "वारेबुवा, आमच्या मिरजेला असं नाही हं. पाडव्याला दारोदार गुढी उभारतात. उंच काठी. काठीला रेशमी साडी. वर तांब्या, साखरेच्या गाठी. सगळं तयार असतं आणि सगळे वाट कुणाची बघतात? वाऱ्याची. वारा आला की साडी फडफडते. फडफड फडफड. मग म्हणतात, हां, आता पाडवा झाला."

वाऱ्याने दुसरा डोळा उघडला.

"माझी वाट बघतात?"

"हो."

"इथे कुठे आहे साडी?"

"कुमुदआत्याच्या बॅगेत," टिकली म्हणाली. "हिरवी, जरीची. उद्या आमच्या दारात गुढी आहे. तुम्ही या. मी बोलावते तुम्हाला."

"नक्की?"

"नक्की."

वारा उठून बसला. वाऱ्याने छाती फुगवली. आणि काय सांगू तुम्हाला,

वारा सुटला, सूंऽ सूंऽ.
ढग हलला, डुलूडुलू.
ऊन पडलं, लख्ख लख्ख.
नळ वाहिला, ठिप ठिप, ठिप ठिप, मग धो धो.

ब्रूसकाकांनी मोठा टब भरला. घमेलं नव्हतं त्यांच्याकडे, चालायचंच. टबात चाक बुडवलं. हळूहळू फिरवलं. बाबा वाकले. काका वाकले. टिकली टबाच्या काठावर.

बुडबुड बुडबुड बुडबुड.

"हे बघा भोक," बाबा म्हणाले. लहानपणी तेही सायकल घेऊन रशीदचाचांच्या त्याच कडुलिंबाखाली उभे राहायचे. मग ते नुसते बघतच राहिले पाण्याकडे.

काकांनी भोक बुजवलं, घिस घिस, टप.
चाक फुगलं, फुस्स नाही बरं, टम्म.
गाडी चालली, भुर्रर्र.

टिकली बसली खिडकीशी. विमानतळ आला. बाकावर कोण? कुमुदआत्या. अंगावर शाल, शालीवर कोट, कोटावर पुन्हा शाल. आणि डबा कुठे? डबा आत्याने पोटाशी धरला होता, घट्ट.

"किती रे उशीर," आत्या म्हणाली. "एक बाई म्हणत होती, डब्यावर मुंगी आहे, झटकू का. मी म्हटलं, हात लावू नका. माझ्याबरोबरची आहे ती."

घरी आल्यावर रेवाने डबा उघडला. पांढऱ्या पांढऱ्या गाठी. गुलाबी गाठी. आणि गुलाबी गाठीवर झोपलेली, तोंडाला साखर लागलेली, कोण?

ठमी.

"ठमे, ऊठ," टिकली म्हणाली.

ठमीने डोळे चोळले. "ताई," ती म्हणाली, "मिरज मागे राहिली गं." आणि रडायला लागली.

टिकलीने तिच्या डोक्याला डोकं लावलं. मुंग्या असंच करतात. मग म्हणाली, "मिरज राहिली, पण मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी दारात गुढी उभी राहिली. हिरवी साडी, वर तांब्या, बाजूला कागदी तोरण. रेवाने खाली पडलेले खिळे आधी सगळे वेचले. ब्रूसकाका आले. त्यांना कडुलिंबाची चटणी दिली, तेव्हा त्यांनी तोंड केवढं वाकडं केलं. मग गाठ दिली, तेव्हा सरळ झालं.

आणि वारा आला. बोलावलं होतं ना त्याला. फडफड फडफड फडफड. आई धावली खिडकी लावायला. आत्या म्हणाली, "राहू दे गं उघडी. आज त्याचाही मान आहे."

रेवाने गाठीचा एक तुकडा खाली ठेवला. मुंग्यांचा वाटा. टिकलीने उचलला अर्धा, ठमीने उचलला अर्धा. दोघी निघाल्या घरभर. तुरुतुरु तुरुतुरु.

मधेच टिकलीने मागे वळून बघितलं.

मागे ठमी होती.

दोघींची का होईना, रांग झाली. आणि रांगेच्या शेवटाला आपली गोष्ट आली, तीही घरी पोचली. चला, मांडीवरून उतरा आता. पाय अवघडले माझे.