न दिलेला खो

गावाबाहेरच्या एका पाठशाळेत एकदा एक वृद्ध गुरुजी होते. ते थकले होते. लहान मुलांचा वर्ग आता एखाद्या मोठ्या शिष्याकडे सोपवीन, असे त्यांनी सांगून ठेवले होते. श्रीपाद सर्वांत हुशार. वर्ग आपल्यालाच मिळणार, असे तो धरून चालला होता. पण गुरुजी रोज संध्याकाळी मैदानाकडेला बसून रायबा नावाच्या दुसऱ्या शिष्याचे धावणे पाहत आणि "वा, रायबा," म्हणत. ते दोन शब्द श्रीपादाच्या जिवाला लागत. रायबाला एक श्लोक धड येत नसे.

एकदा श्रीपाद म्हणाला, "गुरुजी, खेळात वेळ फार जातो. तेवढ्यात एक पाठ होईल."

रायबा हसला. "पळताना दम लागतो म्हण की, पंडिता."

गुरुजी म्हणाले, "आज पाठ नको. खो-खो खेळा. श्रीपादा, तू रायबाला धर."

सगळे चकित झाले. श्रीपाद मात्र इरेला पेटून धावला. रायबा ओळीत बसलेल्या मुलांमधून पलीकडे निसटे. पाठलाग करणाऱ्याला मधली रेघ ओलांडता येत नाही. पलीकडे तोंड करून बसलेली पोरे विनवत होती, "दादा, मला खो दे ना, हा बघ माझ्यासमोरच आहे." श्रीपादाने कोणालाच खो दिला नाही. शेवटी धापा टाकत तो मातीत पडला.

गुरुजींनी त्याचे गुडघे उपरण्याने पुसले.

"तुम्हाला तोच आवडतो," श्रीपाद रडवेला होऊन म्हणाला.

"तूही आवडतोस, बाळा. हेवा करू नये, हे तुला तोंडपाठ आहे. पण अंगात ते उतरलेले नाही. मैदानात आपला डाव दुसऱ्याला देऊन खाली बसावे लागते. त्याने गडी टिपला की आपल्याला आनंद व्हावा लागतो. हे मला सांगून शिकवता येत नाही. मुले ते धावूनच शिकतात."

श्रीपाद उठला. रायबा पुन्हा पलीकडे निसटताच त्याने एका चिमुकल्याला खो दिला आणि त्याच्या जागी बसला. त्या पोराने उडी मारून रायबाला टिपले. सगळे पोराभोवती नाचले. श्रीपादाकडे कोणी पाहिलेही नाही. त्याला आत थोडे टोचले. मग त्यानेही टाळी वाजवली, जराशी उशिरा.

त्या दिवशी गुरुजींनी वर्ग श्रीपादाला दिला. त्याने रायबाकडे पाहिले.

"सकाळी मी शिकवीन," तो म्हणाला. "संध्याकाळी मुले रायबाकडे असू द्या."

खेळाचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्यांनी एखाद्या संध्याकाळी मैदानाकडेला बसून पाहावे.