आधी गाळ, मग पाणी

मोठमोठ्या खडकांच्या रानात हत्तींचे साम्राज्य होते. त्याचा उदय आणि अस्त दोन्ही पाहिलेली एक म्हातारी कासवी तिथल्या तळ्यात राहायची. पहिला हत्तीराजा तिच्या तरुणपणचा. बाळांनो, राजा असावा तर असा! त्याने कोरड्या माळावर तळे खणले, काठावर देऊळ बांधले आणि नियम केला, "आधी गाळ, मग पाणी." पाणी प्यायला येईल त्याने आधी तळ्यातला थोडा गाळ काढून बांधावर टाकायचा. राजा स्वतः सगळ्यांच्या आधी गाळ काढी. तळे भरले, रान हिरवे झाले, लांबलांबचे कळप आश्रयाला आले आणि साम्राज्य नदीपलीकडे पसरले.

त्याच्या पणतूच्या मात्र हे वैभव डोक्यात गेले. दसऱ्याच्या मिरवणुकीत तो शेजारच्या वाघांना गुडघे टेकायला लावी. चिखलाला सोंड लावायची त्याला लाज वाटे. "राजाला गाळ माफ!" असे त्याने जाहीर केले. मग तो सेनापतींना माफ झाला, मग मानकऱ्यांना. राजाच करत नाही तर आपण तरी कशाला, म्हणून हरणेही तशीच पाणी पिऊन जाऊ लागली. एकटी कासवी तोंडाने गाळ वाहत राहिली. तिची नातवंडे त्याच पाण्यात होती. तळे आटले तर ती जाणार कुठे? शेवटी ती दरबारात गेली. "महाराज, तळं उथळ होत चाललंय."

राजा खदखदून हसला. "आजीबाई, आमचं राज्य समुद्राला भिडलंय, आणि तू चिखलाचं रडगाणं गातेस?" आता याला काय म्हणावे!

पुढे दोन वर्षे पावसाने ओढ दिली. अपमानाने धुमसणारे वाघ एक झाले आणि त्यांनी रानाला वेढा घातला. हत्ती शर्थीने लढले, पण तहानेपुढे कोणाचे काय चालते? तळ्यात वीतभर पाणी आणि त्याखाली नुसता गाळ. पाण्यासाठी उतरलेले बलदंड हत्ती तिथेच रुतून बसले. ते पाहून राजाने डोंगरापलीकडे पळ काढला. साम्राज्य बुडाले आणि राजवाड्यात गवत माजले.

विजयी वाघांचा म्होरक्या पाण्यावर आला, तेव्हा कासवी जीव मुठीत धरून त्याच्या वाटेत आडवी झाली. "आधी गाळ, मग पाणी," ती म्हणाली.

वाघ गुरगुरला, "हरलेल्या राजाचा नियम मी पाळू?"

"त्याचा नव्हे रे बाबा, त्याच्या पणजोबांचा. यानं तो मोडला, म्हणून तर तू जिंकलास."

वाघाने रुतलेल्या हत्तींच्या चिखलातून वर डोकावणाऱ्या सुळ्यांकडे पाहिले. मग त्याने खाली वाकून पंजाने गाळ उपसला आणि बांधावर टाकला. त्याच्या मागचे वाघही एकेक करून तळ्यात उतरले.

तात्पर्य : राजा स्वतः कष्टाला हात लावतो तोवर राज्य टिकते, आणि राज्य बुडाले तरी त्याने घालून दिलेली चांगली रीत शत्रूलाही पाळावी लागते.